काळ्यासावळ्या मुली आणि त्यांची जादू: कुणी वाचलंय का यातलं?

उषाआजी_नाशिक

नमस्कार मंडळी. एरवी मी लोणच्याच्या आणि पेन्शनच्या धाग्यांवर असते, त्यामुळे हा विषय बघून दचकू नका.

नात आली आहे ऑस्टिनहून. वय चौदा. बॅगेत कपडे कमी, पुस्तकं जास्त. त्यातलं एक उशाएवढं जाड, पाचशेच्या वर पानं: ‘चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन’, लेखिका टोमी आदेयेमी. आईवडील नायजेरियाचे, ही वाढली अमेरिकेत. २०१८ चं पुस्तक. दुपारी नात झोपली की मी हळूच उचलते. शाळेत ३१ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे इंग्रजीची गाडी पॅसेंजरसारखी प्रत्येक स्टेशनावर थांबते. पण सुरुवातच अशी आहे की सोडवत नाही. समुद्रकाठचं गाव, बोरूची झोपडी, आत मामा अग्बा नावाची म्हातारी मुलींना चोरून काठी चालवायला शिकवते. राजाचे शिपाई आले की काठ्या गायब आणि सगळ्याजणी माना खाली घालून शिवणकामाला! नायिका झेली, सतरा वर्षांची, काळी, केस पांढरेशुभ्र. तिच्या लोकांची जादू राजानं संपवली, आईला फासावर लटकवलं.

परवा विचारलं, एवढं काय आहे गं यात? तर म्हणाली, “आजी, ही माझ्यासारखी दिसते.” मी म्हटलं, अगं ती आफ्रिकेतली, तू गोदाकाठची. काही न बोलता उठून आत गेली. दोन दिवस तेच डोक्यात आहे.

अशी आणखी पुस्तकं कुठली? मारामारी जरा जास्तच वाटते, चौदाव्या वर्षी चालेल ना? आणि ती “माझ्यासारखी” का म्हणाली असेल, हे कुणाला कळत असेल तर तेही सांगा.

कोकमकढी

काकू, दंडवत घ्या. मी चाळिशीत असून जाड पुस्तक बघितलं की सिनेमा कधी येतोय ते शोधते. रुमाल टाकून ठेवतेय.

तळटीप

चांगला धागा. एक भाषिक अडचण आधीच मांडतो. इंग्रजीत अशा नायिकांना ‘हिरॉइन्स ऑफ कलर’ म्हणतात. मराठीत काय म्हणायचं?

ईस्टमनकलर

रंगीत नायिका. म्हणजे साधारण १९६० नंतरच्या सगळ्याच.

तळटीप

खिक्क! पण खरंच सांगा. ‘कृष्णवर्णीय’ म्हटलं तर चिनी, अरबी, भारतीय मुली बाहेर राहतात. ‘गौरेतर’ म्हटलं तर गोऱ्यांना मधोमध बसवून बाकीच्यांना ‘इतर’ केल्यासारखं होतं. आणि ‘वर्ण’ शब्द आपल्याकडे उच्चारला की एक विषय मांडायला जावं आणि दुसराच अंगावर यावा, अशी गत.

भीमाकाठ

दुसराच? मला तर एकच विषय दिसतो. वेळ मिळाला की लिहितो.

रोखठोक_अण्णा

मला हे सगळं फॅड वाटतं. मुलांना गोष्ट हवी असते, नायकाच्या कातडीचा रंग कोण बघतं? आम्ही फास्टर फेणे वाचला, चांदोबा वाचला, कधी विचार केला नाही हा आपल्यासारखा दिसतो की नाही. अमेरिकेत सगळ्याचं राजकारण होतं आणि ते इथे आयात होतं. राग नसावा.

चिंचपेटी

अण्णा, फास्टर फेणे फुरसुंगीचा होता. तुम्ही पुण्याचे. तुमच्यासारखाच दिसणार की तो! विचार करायची वेळ कशाला येतेय?

अर्धविराम

चिंचपेटी, +१००. 

अण्णा, कोण बघतं विचारलंत म्हणून सांगते. ‘हंगर गेम्स’मध्ये रू नावाची छोटी मुलगी आहे. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, गडद तपकिरी कातडी, तसेच डोळे. २०१२ मध्ये सिनेमात ती कृष्णवर्णीय मुलीनं केली, तर पुस्तकाचे चाहते म्हणवणारेच ट्विटरवर चिडले. त्यांनी ती ओळ वाचूनही डोक्यात गोरी मुलगीच उभी केली होती. म्हणजे रंग बघतात, फक्त न बघता गृहीत धरतात.

मी न्यू जर्सीत सार्वजनिक वाचनालयाच्या मुलांच्या विभागात आहे, त्यामुळे हा रोजचा विषय. विस्कॉन्सिन विद्यापीठाचं बालसाहित्याचं एक केंद्र १९८५ पासून याची मोजदाद करतं. पहिल्या वर्षी सुमारे अडीच हजार पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तकं होती १८. २०१३ मध्ये त्यांच्याकडे आलेल्या ३२०० पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय माणसांबद्दलची ९३. आणि आमच्या फडताळात त्यातली जी यायची, त्यात बहुतेक साखळदंड नाहीतर मोर्चे. दोन्ही हवंच. पण त्या मुलींना ड्रॅगनवर कुणी बसवत नव्हतं. २०१४ मध्ये वॉल्टर डीन मायर्स या ज्येष्ठ लेखकानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये यावर लेख लिहिला, त्याच वर्षी ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ ही चळवळ उभी राहिली, आणि पुढच्या पाचसहा वर्षांत आमच्याकडची फडताळं बदललेली मी स्वतः बघितली.

मुखपृष्ठांची तर वेगळीच गंमत. २००९ मध्ये जस्टीन लार्बलेस्टियेची ‘लायर’ आली. निवेदन करणारी मुलगी काळी, केस बारीक कापलेले. मुखपृष्ठावर लांब सरळ केसांची गोरी मुलगी! लेखिकेनंच जाहीर तक्रार केली, बोंबाबोंब झाली, तेव्हा बदललं. पुढच्याच वर्षी त्याच प्रकाशकाच्या एका जादूच्या कादंबरीत पुन्हा तेच. काळा चेहरा विकला जात नाही, असं ठरूनच गेलं होतं. विकायला ठेवलाच नाही तर विकला कसा जाणार?

उषाकाकू, मारामारीबद्दल: चौदाला चालेल. मात्र दुसरा भाग जास्त रक्ताळलेला आहे. तिसरा २०२४ मध्ये आला.

कोकमकढी

प्रतिसाद आवडला. रुमालाचं उपरणं केलं.

लागोसकर

नोकरीनिमित्त नऊ वर्षं नायजेरियात, लागोस शहरात काढली, म्हणून थोडं.

आदेयेमीच्या पुस्तकातले मंत्र खऱ्या योरुबा भाषेत आहेत, म्हणजे नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या. तिनं ज्या देशाला ‘ओरिशा’ नाव दिलंय, ते खरं योरुबांच्या देवतांचं नाव. ही कल्पना तिला नायजेरियात नाही सुचली, ब्राझीलमध्ये सुचली. साल्वादोर शहरात शिकायला गेली होती, तिथल्या एका भेटवस्तूंच्या दुकानात ओरिशांची चित्रं दिसली. गुलाम म्हणून नेलेल्या योरुबांनी आपले देव बरोबर नेले, ते तिथे कँडोम्ब्ले पंथात टिकले, आणि नायजेरियन आईबापाच्या अमेरिकन मुलीला ते तिथे भेटले. आजोळचा देव तिसऱ्याच गावात सापडावा तसं.

पण माझे योरुबा मित्र या पुस्तकावर फारसे खूश नव्हते. त्यांच्या दृष्टीनं ओरिशा ही फँटसी नाहीच. नायजेरियातच ओसोगबो गावाला ओशुन देवीची राई आहे, नदीकाठी. युनेस्कोच्या यादीत २००५ पासून आहे. ऑगस्टमध्ये जत्रा भरते, मी गेलोय. नवस बोलायला आलेल्या बायका, ढोल, घागरी घेतलेली पोर. मला थेट जेजुरी आठवली. उद्या कुणी खंडोबाच्या भंडाऱ्याची ‘मॅजिक सिस्टिम’ केली तर आपल्याला कसं वाटेल?

माझी शिफारस वेगळी आहे: नेडी ओकोराफोर, ‘अकाटा विच’, २०११. हीही अमेरिकेत जन्मलेली, आईवडील नायजेरियातल्या इग्बो समाजाचे. नायिका सनी, बारा वर्षांची, न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली, राहते नायजेरियातल्या आबा शहरात. शाळेत तिला परकी म्हणून हिणवतात. ‘अकाटा’ ही तिथली एक शिवीच आहे. नायजेरियात आणि इंग्लंडमध्ये पुस्तक ‘व्हॉट सनी सॉ इन द फ्लेम्स’ या नावानं निघालं.

त्यातली एक कल्पना मला फार आवडते. जादूच्या जगातलं चलन म्हणजे ‘चित्तिम’. तुम्ही काही नवीन शिकलात की आकाशातून खणखण पायाशी पडतं. आणि सोन्याला भाव कमी, तांब्याला सर्वांत जास्त!

ईस्टमनकलर

आमच्या वेळी असं असतं तर गणिताच्या तासाला माझ्या बाकाखाली एक नाणं पडलं नसतं. शेजारच्याच्या डोक्यात मात्र टेंगूळ.

चिंचपेटी

सनी वाचलंय! लागोसकरांनी मुख्य गोष्ट सांगितलीच नाही. सनी अल्बिनो आहे. कातडी पांढरी, केस पिवळसर, उन्हात फुटबॉल खेळता येत नाही. आता बोला. ही कुठल्या रंगाची नायिका? काळ्यांना ती काळी वाटत नाही, गोरी तर ती नाहीच. आणि त्या जगात जे व्यंग समजलं जातं त्यातूनच जादू येते. तिचा मित्र ओर्लू, त्याला अक्षरं नाचताना दिसतात, वाचताना त्रास होतो. तोच दुसऱ्याची जादू उलगडून मोडू शकतो. माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. ते प्रकरण मी त्याला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा त्यानं मला वाचून दाखवलं. अर्धा तास लागला.

कोकमकढी

चिंचपेटी, तुला आणि लेकाला एकेक तांब्याचं चित्तिम.

मिसळीवर_तर्री

अवांतर: लागोसकर, जोलोफ राईस खरंच आपल्या मसालेभातासारखा लागतो का?

लागोसकर

टोमॅटो, तिखट मिरची, कांदा वाटून परतायचा, त्यात तांदूळ. तळाशी थोडा करपला पाहिजे, त्यातच चव. गोडा मसाला नाही, तोंडली नाहीत. पण घानाचे लोक म्हणतात आमचाच जोलोफ खरा. या विषयावर लागोसमध्ये बोलताना दाराजवळची खुर्ची पकडावी.

मिसळीवर_तर्री

म्हणजे पुणेरी विरुद्ध कोल्हापुरी. समजलं.

रोखठोक_अण्णा

अर्धविराम, आकडे मान्य. रूचं प्रकरण माहीत नव्हतं. काल चांदोबाचे जुने अंक काढून बसलो (बांधून ठेवलेत, माळ्यावर असतात). राजकन्या सगळ्या गोऱ्यापान, राक्षस काळे. साठ वर्षांत लक्षात आलं नव्हतं. तरीही माझा मुद्दा राहतोच: गोष्ट फसलेली असेल तर नायिकेच्या रंगानं ती तरत नाही.

अर्धविराम

त्याला कुणाचाच विरोध नाही, अण्णा. फसलेल्या गोष्टी लिहायचा हक्कसुद्धा इतकी वर्षं गोऱ्या नायकांनाच होता, एवढंच.

पानगळ

मी जरा तक्रारीच्या सुरात लिहिणार आहे. या प्रकारातली आठदहा वाचली. नायिका सोळा-सतराची, आई मेलेली किंवा गायब, हातात शस्त्र, रक्तात कुणालाच नसलेली शक्ती, आणि शत्रूच्या राजपुत्राचे डोळे. नेहमी डोळे! झेली आणि इनानचं तेच. अरे, त्याच्या बापानं तुझ्या आईला मारलंय, जरा दम धर. नायिकेचा रंग बदलला, साचा तोच. ‘शक्तिशाली’ म्हणजे फक्त चार जणांना लोळवणारी का? माझी आजी विधवा झाल्यावर तीन मुलं आणि दोन एकर घेऊन उभी राहिली, तिच्या हातात विळ्याशिवाय काही नव्हतं.

चिंचपेटी

विळा म्हणजे शस्त्रच की गं.

पानगळ

तू आणि तुझे एका ओळीचे षटकार.

आवळासुपारी

साचा मोडणारं हवं असेल तर ‘लेजंडबॉर्न’ वाचा, ट्रेसी डिऑनचं, २०२०. पुढे रहस्यफोड आहे, वाचायचं असेल त्यांनी हा परिच्छेद सोडा. ब्री मॅथ्यूज, सोळा वर्षांची, आई नुकतीच गेलेली (हो पानगळ, आई गेलेलीच), नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात शिकायला येते. तिथे ब्रिटिश दंतकथांतल्या राजा आर्थरच्या सरदारांच्या वंशजांची गुप्त मंडळी. सगळे बड्या घरचे, घराणं, रक्त, वारसा यांच्या गप्पा. ही काळी मुलगी तिथे उपरी. शेवटी कळतं की आर्थरचा खरा वंश हिच्याचकडे आलाय. कसा? तिच्या गुलाम पूर्वज बाईवर मालकानं बलात्कार केला, त्यातून. म्हणजे राजरक्त निघालं, पण अभिमानानं मिरवावं तर कसं? त्या बाईनं पळून जाताना पूर्वजांकडे मागितलेली शक्ती, ती वेगळी, ती आईकडून लेकीकडे येत राहिलेली. मला त्या पानावर पुस्तक मिटवून गॅलरीत जाऊन उभं राहावं लागलं.

भीमाकाठ

आता लिहितो.

तळटीप म्हणाले वर्ण शब्द आणला की दुसराच विषय येतो. झेलीचं पुस्तक माझ्या पुतणीनं आणलं, मी सहज चाळलं. मला त्यात आधी रंग दिसलाच नाही. मला त्यात कर दिसला. ज्यांच्याकडे पूर्वी जादू होती त्या लोकांवर राजा कर वाढवत नेतो, भरला नाही तर मजुरीला धरून नेतात, मेले तरी सुटका नाही. त्यांना हाक मारायला एक किड्याचा शब्द आहे. आणि हे सगळे एकाच मुलखातले. परका कुणी नाही. राजाही काळा, शिपाईही काळे. म्हणजे अमेरिकेत बसून लिहिलेलं पुस्तक, पुस्तकाच्या शेवटी लेखिकेनं पोलिसांच्या गोळीला बळी पडलेल्या काळ्या मुलांबद्दल लिहिलंय, आणि सोलापूर जिल्ह्यात मी वाचतो तर मला माझ्या आजोबांचा गाव दिसतो. आजोबा सांगायचे, विहिरीवर आपण पाणी काढायचं नाही, वाढेपर्यंत थांबायचं.

अण्णा म्हणतात अमेरिकेतलं आयात होतं. १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. ही आयात जुनी आहे आणि चांगल्या मालाची आहे.

पुतणी विचारते, काका, आपल्यातली मुलगी अशी जादू करते असं मराठीत आहे का? मी म्हटलं आत्मकथनं आहेत. ती म्हणाली ती वाचलीत, त्यात रडू येतं, मला उडायचंय.

अर्धविराम

“मला उडायचंय.” आमच्याकडच्या साखळदंड-मोर्चांच्या फडताळापुढे उभ्या राहिलेल्या मुली हेच म्हणायच्या, वेगळ्या शब्दांत.

रोखठोक_अण्णा

अर्पणपत्रिकेचं विसरलोच होतो. बरोबर आहे तुमचं.

तळटीप

भीमाकाठ, ‘दुसराच’ शब्द मागे घेतो.

कुर्डई

भारतीय नायिका कुणी सुचवल्याच नाहीत! रोशनी चोक्शीची ‘आरू शाह’ मालिका घ्या, पहिलं पुस्तक २०१८. वय जरा लहान, नऊ ते बारा. आरू अटलांटात संग्रहालयात राहते, नको तो दिवा लावते, आणि कळतं की ती अर्जुनाचा पुनर्जन्म. पांडव सगळे मुली! धर्मराजाची मिनी तर जंतूंना घाबरणारी. आणि त्यांना शिकवायला एक कबूतर, ते पूर्वजन्मीचा शकुनी.

ईस्टमनकलर

शकुनी कबूतर? आमच्या सोसायटीच्या गॅलरीत सगळे कौरवच येतात मग.

तळटीप

अर्जुन मुलगी झाला तरी मूळ महाभारतातली सावळी नायिका राहिलीच की. द्रौपदीचं नावच कृष्णा. यज्ञातून आली तीच सावळी, आणि तिच्या रूपाची ख्याती त्या सावळेपणासकट. नंतर कॅलेंडरवाल्यांनी तिला गोरी केली. मुखपृष्ठ बदलायला आपल्याला परदेशी प्रकाशक लागला नाही.

उषाआजी_नाशिक

सगळे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले. भीमाकाठ, तुमचा दोनदा वाचला. गुलामगिरी मी वर्गात शिकवलंय, अर्पणपत्रिका परीक्षेला एका मार्काला विचारलीय. पोरांनी पाठ करून लिहिली, मीही तेवढ्यावरच ठेवली.

माझ्या तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी फारसं वळलं नाही, पण त्याचं उत्तर घरातच मिळालं. पुस्तकात अमारी नावाची राजकन्या आहे, झेलीची मैत्रीण होते पुढे. तिच्या सावळ्या रंगावरून दरबारी बायका कुजबुजतात. ते वाचताना नातीला म्हटलं, बघ, काय एकेक बायका. तर ती म्हणाली, “आजी, तू मला ते पीठ लावायचीस.”

लावायचे. मसूर डाळीचं पीठ, साय, चिमूटभर हळद. ती सहासात वर्षांची असताना, सुट्टीत आली की रोज अंघोळीआधी. तिची आई गोरी, ही माझ्या यांच्यावर गेली. मी म्हणायचे, उजळेल हो. प्रेमानंच लावायचे. ती म्हणाली, “मला वाटायचं ते धुतलं की मी वेगळी दिसेन. मग आरशात मीच.” आणि वर म्हणाली, “खाजायचं पण.”

मी काय बोलणार? दूध गॅसवर होतं ते बघायला उठले.

चिंचपेटी

काकू. माझ्या आजीनं पण. लिंबू आणि साय.

पानगळ

मला अजून लग्नाच्या बायोडेटात ‘गहूवर्णी’ लिहिलेलं आठवतंय. गहू कुठला ते विचारायचं राहिलं.

कोकमकढी

काकू, मग पुढे?

उषाआजी_नाशिक

पुढे काय, संध्याकाळी तीच पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, उरलेलं आपण मोठ्यानं वाचू. आता ती इंग्रजी वाचते, मी ते मंत्र वाचते, कारण तिला वाटतं माझे उच्चार जास्त मंत्रासारखे येतात. सनीचं पुस्तक मागवलंय. लागोसकर, योरुबा शब्दांवर वर-खाली रेघा आणि टिंबं दिलीत, ती कशी म्हणायची? दोघी चुकतोय बहुतेक.

लागोसकर

काकू, त्या रेघा म्हणजे सूर. योरुबात तीन सूर: वरचा, मधला, खालचा. सूर चुकला की अर्थ बदलतो. ‘ओको’ सपाट म्हटलंत तर नवरा. शेवट वर नेलात तर कुदळ. खाली आणलात तर गाडी किंवा होडी. नऊ वर्षांत मी कित्येकदा ड्रायव्हरला नवरा आणायला सांगितलाय.

उषाआजी_नाशिक

नवरा आणि कुदळ? थांबा, यांना वाचून दाखवते.